पाणी जोखताना

वॉर्स्टोन लेनवर घड्याळाच्या खांबापाशी निषाद उभा.
हातात फोन, फोनात तक्ता:
अकरा हिरे, अकरा रांगा,
वजन, रंग, स्वच्छता, घडण, शेवटी पौंड.
"आई, तू फक्त डोळे घेऊन ये," म्हणाला होता.
एकतीस वर्षं बर्मिंगहॅमच्या इस्पितळात, तळघरात,
सूक्ष्मदर्शकावर वाकलेले हे डोळे,
मोतीबिंदू काढल्यापासून नव्यानं विसळल्यासारखे.

मिस्टर हॅडलींचं दुकान दुसऱ्या मजल्यावर.
जिना इतका अरुंद
की श्रीमंतीलाही अंग चोरून चढावं लागतं.

काळ्या मखमलीवर, दिव्याखाली, दोन खडे.
"दिव्याखाली गारगोटीही नवरी दिसते,"
मी निषादला मराठीत म्हटलं,
आणि हॅडलींना इंग्रजीत, खिडकीशी नेऊ का?
ते हसले.
उत्तरेची खिडकी, ढगाळ अकराचा उजेड,
ज्याला कुणाची खुशामत करायची नसते.

पांढऱ्या कागदाच्या घडीत दोघांना पालथं घातलं.
एक जी, एक एच.
दुसऱ्यात थेंबभर चहा पडल्याचा भास झाला मला,
तोही हॅडलींनी सांगितल्यावर.
त्या भासाचे तीनशे ऐंशी पौंड.

पहिला बरोबर एक कॅरट. दुसरा शून्य दशांश नऊ दोन.
वरून पाहिलं तर दोघांचा घेर सारखाच:
पहिल्यानं वजन पोटात दडवलेलं,
नुसतं 'एक' म्हणवून घेण्यासाठी.
आठ शतांश, पाव गुंजही नव्हे,
आणि अकराशे पौंड वर.
"भाव आकड्याला आहे," हॅडली म्हणाले, "खड्याला नाही."
निदान प्रामाणिक माणूस.

मग प्रमाणपत्र. त्यावर हिऱ्याचा नकाशा,
लाल शाईत आतले दोष, हिरव्या शाईत वरचे.
तो उघडण्याआधी मी भिंग डोळ्याला लावलं.
सवय. आधी काच, मग कागद.
घड्याळात चार वाजतात त्या जागी, कडेपासून जरा आत,
एक पीस.
इथे पीस म्हणतात, मी चीर म्हणेन.
पांढरी, गप्प, पृष्ठभागापर्यंत न पोचलेली.
कागदावर नेमकी तिथेच लाल रेघ.
"तुम्ही धंद्यातल्या का?"
नाही. मी आयुष्यभर हेच शोधत होते,
फक्त सापडू नये म्हणून.
आणि सापडलंच, तर किंमत कमी करून देणारं
तिथे कुणी नसायचं.

त्यांनी खड्याची कंबर दाखवली:
लेझरनं कोरलेला नंबर, केसाहून बारीक.
नाव नाही.
आमच्या काचपट्ट्यांवरही नंबरच असायचे.
मार्चमधल्या एका मंगळवारी
मी एक पट्टी रंगवली, पाहिली, पुढे सरकवली,
हात धुतले, डब्यातली मेथीची भाजी खाल्ली.
आठवड्यानं श्रीरंगच्या हातातल्या चिठ्ठीवर
तोच नंबर.
मला अजून पाठ आहे.

"आई? निर्दोषच घेऊया का?
मेगनला जन्मभर घालायचाय."

मी खड्यावर तोंडाची वाफ सोडली.
धरली म्हणेपर्यंत गेली.
पाणी चांगलं आहे याचं.

"हा. नऊ दोनवाला."
हॅडली म्हणाले, चीर अंगठीच्या नखीखाली घेऊ,
कुणाला कळायचं नाही.
"नको, दाब येईल तिच्यावर. मोकळी राहू द्या.
कुठे आहे ते मी मेगनला स्वतः दाखवीन.
आणि एकतीसशे नव्वद म्हणालात,
ते तीन हजार करा."

निषाद बुटांकडे पाहू लागला.
त्याला घासाघीस सोसत नाही, बापावर गेलाय.
हॅडलींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.
"एकतीसशे."
मी खिडकीतून खांबावरचं घड्याळ पाहिलं.
बाराला सात मिनिटं कमी.
मला कुठेच जायचं नव्हतं.